करवंदीचा काटा

आये, तू जाऊन चाळीस पावसाळे झाले. दुसरीतून शाळा सोडवलीस, त्यामुळे माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं. तुला तरी कुठं वाचता येत होतं!

माझा डावा स्तन काढला. तुझ्यापुढे काय लाजायचं? मुंबईच्या इस्पितळात काढला, मग सुईतून औषधं दिली. केस गेले, ते परत आले. तळपाय मात्र मेले ते मेलेच. खळ्यातलं सारवण ओलं की सुकं, पायाला कळत नाही. त्यात एक बाजू हलकी, म्हणून चालताना उजवीकडे कलते. गिरणी बंद पडल्यापासून मुलगा गावीच असतो. श्रावणात तोल जाऊन मी खळ्यात दोनदा आडवी झाले, तेव्हा म्हणाला, "आता विहिरीकडं गेलीस तर बघ. गप बसून राहा." बसून राहायचं म्हणजे मरायचंच की, फक्त सावकाश. शेवटी ठरलं, भिंत न धरता दहा पावलं चालून दाखवली तर विहीर माझी.

रत्नागिरीच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक बाई आहे, माझ्या नातीएवढी. म्हणते, "आजी, भिंतीला एक बोट लावा आणि एका पायावर उभ्या राहा." म्हटलं, "बाये, या वयात माझा बगळा करतेस काय?" ती हसली नाही. "बगळा पडत नाही, आजी." चोळीत वजन भरा, अंग सरळ राहील, हेही तिनंच सांगितलं. मी पिशवी शिवून त्यात तांदूळ भरले. घामानं ओलावले, आठ दिवसांत किडे झाले. सून ओरडली, "आई, तुमच्या छातीवरून किडा चाललाय!" म्हटलं, "चालू दे, त्याला तोल आहे." आता धुतलेली वाळू भरलीय.

ती बाई टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला लावते, तेव्हा तू आठवतेस. पऱ्ह्याच्या पाण्यावरचा साकव, आडवी टाकलेली पोफळीची दोनच खोडं, आणि माझ्या डोक्यावर कळशी. "पायाकडं काय बघतेस? पलीकडच्या फणसाकडं बघ. पायांना वाट कळते." एकदा मी कळशीसकट खाली गेले. तू आधी कळशी उचललीस, पोचा बघितलास, मग मला. तेव्हा तरी पायांना वाट कळत होती.

तुझ्या शेवटच्या वर्षी मी माहेरी आले, तर तू कळशी उजव्या कुशीला घेत होतीस. डावा हात अंगाला चिकटवून वाकडी चालत होतीस. तुझी चोळी धुताना मला डाव्या बाजूला डाग दिसले. विचारलं तर म्हणालीस, "करवंदीचा काटा लागला." मी तणतणले, "काटा रोज त्याच जागी लागतो?" तू म्हणालीस, "आपल्या घरी जा, तिथली धुणी धू." मी रागानं गेले. पंधरा दिवसांत निरोप आला, आय साकवावरून पडली. पाणी गुडघाभरच होतं. लोक म्हणाले, शेवाळ. मीही शेवाळच म्हणाले. मुंबईच्या डॉक्टरनं विचारलं, घरात आधी कुणाला हे दुखणं होतं का, तेव्हाही नाही म्हणाले.

काल घरी कुणी नसताना भिंत सोडली. फणस नाही, म्हणून तुळशीकडं बघत चालले. सात पावलं झाली, आठव्याला पडले. कोपर सोललं, चोळीच्या बाहीला रक्त लागलं. सुनेनं संध्याकाळी विचारलं, "हे काय, आई?" माझ्या तोंडून निघालं, "करवंदीचा काटा." आमच्या खळ्यात करवंद नाही, हे तिलाही ठाऊक आहे. सून चोळी तेवढी धुवायला घेऊन गेली.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहिते. तिनं आणखी एकदा विचारायला हवं होतं, आये.