मांडवातला माझा पाट

रामनगर,
१८ फेब्रुवारी १९९६

श्री. यज्ञेश यांस,
सौ. बकुळचा नमस्कार. इथे मामा-मामी मजेत आहेत. मामींच्या आवळ्याच्या लोणच्याची बरणी श्रीराम भावजींबरोबर पाठवली, ती मिळाली असेल. तुमचा खोकला आता बरा असावा.

भावजी काल नावेनं आले ते तुमचा निरोप घेऊन. आपल्या ऋताच्या कन्यादानाला मी नसले तरी चालेल म्हणे, तुम्ही कमरेला सुपारी लावून बसाल! बायको वारली की बसतात तसे. अहो, मी जिवंत आहे, नदीच्या या काठाला आहे! भावजींना मान वर करून बोलवेना. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही, इतका संताप आला होता.

गणेशयागात मी मधेच उठले, हे खरं. फार वेळ मांडी घातली की पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही. लग्न झाल्यापासून सांगते आहे तुम्हाला. पण तुम्ही आपल्या दुर्गाघाटच्या साऱ्या ब्रह्मवृंदासमोर म्हणालात, "हिचं चित्त थाऱ्यावर नसतं." आणि विश्रांतीच्या नावाखाली मला नदीपलीकडे, इकडे मामांकडे धाडलंत.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "बीमारी है, बहनजी, नखरा नहीं. औरतों में ज़्यादा होती है." अंगात लोह आधीच कमी, बाळंतपणांत आणखी गेलं, ते कुणी भरून काढलंच नाही. आता गोळ्या चालू आहेत. घरी येऊन सांगितलं तर मामी म्हणाल्या, "अगं, मलाही होतं." शेजारच्या प्रभावतीकाकूंनाही होतं. जन्मभर सगळ्या गप्प, कारण आम्हाला विचारतो कोण?

ऋताचं लिहू की नको, असं करत इतकं लिहिलं. परवा ती आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिलाही हे होतं, शाळेत असल्यापासून. तुम्ही मला काय काय बोलता ते ऐकून पोर दात आवळून बसत आली. आता सासरी कळलं तर काय, म्हणून घाबरली आहे. ही भीती तिला तुम्ही आंदण दिलीत.

तेव्हा लग्नाच्या दिवशी तुमच्या शेजारच्या पाटावर मीच बसणार. पाय ओढू लागले तर उठेन, मांडवात चार येरझाऱ्या घालेन आणि परत येऊन बसेन. तोवर मंत्र थांबवायचे. कुणी विचारलं तर, हा आजार आहे, असं तुम्ही स्वतः सांगायचं, ऋताच्या सासूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

कळावं म्हणून लिहिलं आहे, परवानगी मागितलेली नाही.

तुमची सहधर्मचारिणी,
बकुळ