टँकरवरची पाटी

लातूर, मंगळवार, चैत्र

आज शबानाने टँकरवरची पाटी मोठ्याने वाचली, "पिण्याचे पाणी", आणि तिच्या आईने घागर भरून घेतली. पाटीवर होते "बांधकामाचे पाणी". नव्या जिल्हा कचेरीच्या भिंतींसाठी आणलेले, डबक्यातले. दुपारपासून आईला उलट्या.

शबाना माझ्या पहिलीच्या वर्गातली. मी तिला सुटी अक्षरे शिकवलीच नाहीत. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला घरी तसेच शिकवले होते, आधी वस्तू दाखवायची, मग तिचा अख्खा शब्द. मला जमले, म्हणून वर्गालाही तेच. तिने टँकर पाहिला, "पाणी" ओळखले आणि आधीचा शब्द अंदाजाने म्हटला. अशा अंदाजांना शाबासकी मीच देत आले ना?

संध्याकाळी भेटायला गेले, तर तिची आई पडल्यापडल्या हसली. "बाई, मला कुठं अक्षर कळतंय? पोरगी वाचती म्हणून भरोसा ठेवला. तिला रागवू नका, हां."

राग? तिच्यावर?

उद्या ती पाटी फळ्यावर लिहून तिला एकेका अक्षरावर बोट ठेवायला लावायचे. हे नक्की. पण आज पाटी वाचायला ती सगळ्यांच्या पुढे धावली होती. उद्यापासून धावेल ना?