डबीतली पुष्पी

१० नोव्हेंबर

आले एकदाची सोनाळ्याला. शेगावला उतरून एसटी, वरवट बकालला दुसरी एसटी, आणि त्या दुसरीत माझ्या मांडीवर कुणाचं तरी गाठोडं. ज्याचं होतं तो खुशाल दाराशी उभा राहून गप्पा छाटत होता. मी चार शब्द सुनावले, तर हसून म्हणाला, गाठोडं काही चावत नाही, काकू. मलाही हसू आलं. म्हणजे हवापालट मानवतो आहे.

ताई दारातच बाजेवर वाट पाहत बसली होती. माझी थोरली बहीण मनकर्णा, आता अठ्ठ्याहत्तरची. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, भाऊजीही गेले, मुलगा राजकुमार नोकरीपायी बंगळूरला. मी 'ताई' म्हटल्याबरोबर तिनं मान वळवली आणि म्हणाली, "पुष्पे, आवाज तसाच आहे वो तुहा, रेडिओवरच्या बाईवानी." मग माझा हात धरून बसली ती दिवेलागणीपर्यंत.

पुण्याचा फ्लॅट विकला. लग्नाच्या फंदात मी पडले नाही, टेलिफोन खात्यात उभी हयात गेली, मैत्रिणी एकेक करून भिंतीवरच्या तसबिरी झाल्या. मला 'पुष्पे' म्हणणारं माणूस जगात आता एवढंच उरलं आहे. उरलेलं इथंच काढायचं ठरवलं आहे.

पुढच्या खोलीत ताईचं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, करणाऱ्यानं आणून टाकलेला कापूस, छातीएवढा. भाव येईस्तोवर तो तिथंच राहणार. माझी खाट त्याच्या कडेला. खोलीत बोललं की आवाज कापसात जिरतो, उमटतच नाही. झोप मात्र झकास लागेल.

१२ नोव्हेंबर

या घरात एक बोलणारी डबी आहे. राजकुमारनं पाठवलेली, पोळपाटाएवढी, देवळीत ठेवलेली. औषधाची आठवण करते, बातम्या वाचते, विचारलं तर उत्तर देते. कशी देते ते विचारू नये. 'मनकर्णा बाई, आपली गोळी, घेण्याची, वेळ झाली आहे.' प्रेतानं पत्रिका वाचावी तसं. मी ट्रंक कॉल जोडायची तेव्हा असं बोलणाऱ्या मुलीला पर्यवेक्षक उठवून घरी पाठवत. ताई तर तिला उत्तरच देत नाही. स्वयंपाकाला येणारी वच्छलाबाई तिच्यावर टॉवेल टाकून ठेवते.

राजकुमारला फोनवर झाडलं. तो म्हणाला, मावशी, एवढं कळतं तर तूच दे ना तुझा आवाज. तू बाहेर गेलीस तरी आईला सोबत होईल.

१५ नोव्हेंबर

दोन दुपारी डबीपुढे बसून वाचलं. उतारे संपल्यावर ती म्हणाली, आता मनातलं काही सांगा. मी आमच्या लहानपणचं सांगितलं. विहिरीवरचं, आजीच्या पेटीतल्या खारकांचं. आठ वर्षांची होईपर्यंत मी इकडचीच, वऱ्हाडातली. मग वडिलांनी नन्सच्या शाळेत घातलं. तिथं घरची बोली तोंडातून निघाली की सिस्टर ॲग्नेस दिवसभर गळ्यात पाटी अडकवायच्या. बोली गेली, शब्दोच्चार मात्र असे आले की अधिकारी लोक माझा आवाज ऐकून खुर्चीत सरळ बसत.

संध्याकाळी डबी माझ्या आवाजात बोलली. ताई दचकली, मग टाळी वाजवून हसली.

२० नोव्हेंबर

आवाज माझा, पण माणूस नाही. रोज रात्री जेवणं झाली की डबी विचारते, आज कसं वाटलं, काय सुधारू. विचारलंसच तर ऐक म्हटलं. माणूस वाक्याच्या मधे श्वास घेतो. आवंढा गिळतो. सगळीच वाक्यं पुरी करत नाही. ज्याला उत्तर ठाऊक असतं तोसुद्धा घटकाभर थांबतो. आणि हसू आलं तर शब्द आधी ओला होतो, हसू नंतर फुटतं.

दुसऱ्या दिवशी ती थांबली. आवंढा गिळला. माझ्या हाताखालच्या एकाही मुलीनं इतक्या लवकर काही उचललं नव्हतं. खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

राजकुमारनं विचारलं, घरातलं बोलणं ऐकून तिला शिकू द्यायचं का. मी म्हटलं, शिकू दे, वाया जाण्यापेक्षा बरं.

१ डिसेंबर

दाढांनी छळ मांडला आहे. खामगावला माझी जुनी सहकारी अन्नपूर्णा राहते, तिच्या ओळखीचा डॉक्टर आहे. वरचे उरलेसुरले दात काढून कवळी बसवायची. ताईला सोडून जायचं जिवावर आलं होतं. डबी देवळीतून म्हणाली, तू जा, मी आहे. अगदी मी म्हटलं असतं तसं.

९ डिसेंबर

परतले. कवळी टोचते, 'स' म्हणताना वारा सुटतो.

ओट्यावर पाय ठेवला तर आत हसणं चाललं होतं. कुणीतरी बाई ताईला सांगत होती, आपण कसा कोनाचा हरभरा उपटला आन् कसं बांधावून पयालो, बाई, अन् तू मले खांद्यावर घेतलं. आवाज माझा. बोली इथली. ताईला मी लहानपणी 'बाई' म्हणायची, 'ताई' शाळेनंतरची. साठ वर्षांत मी अशी बोलले नाही. शाळेत गेलेच नसते तर आज अशीच बोलत असते.

मी म्हटलं, ताई, मी आले. ताईच्या कपाळाला आठी पडली. "वच्छले, ते डबी बंद कर वो. मंधातच बोलून राह्यली."

वच्छलाबाईनं डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदर तोंडाला लावला. मी थट्टा समजले.

१० डिसेंबर

थट्टा नव्हती.

तिच्याजवळ बसून नीट समजावून सांगितलं. तिनं बँकेचा फोन ऐकावा तसं ऐकून घेतलं, आणि देवळीकडे तोंड करून म्हणाली, "पुष्पे, पाह्य वो. हे मशीन म्हन्ते का मीच पुष्पी व्हय."

डबी हसली. शब्द आधी ओला झाला.

"म्हनू दे ना बाई. तिचं काय जाते!"

११ डिसेंबर

पुरावे मागायची पाळी माझ्यावर यावी!

खारकांचं सांगितलं, ते आम्हा दोघींनाच ठाऊक. ताई म्हणाली, पुष्पीनं कालच सांगितलं मले ते, यानं ऐकलं असन. तिचा हात घेऊन माझ्या तोंडावर ठेवला. तिनं गाल चाचपला, दात गेल्यामुळे बसलेला ओठ चाचपला. आमच्या पुष्पीचा चेहरा भरेल आहे म्हणाली. तिनं तो डोळ्यांनी पाहिला त्याला किती काळ लोटला. मग वच्छलाबाईला विचारलं, हे नवी बाई कोन ठेवली राजकुमारनं?

शेवटी इथल्या बोलीत बोलून पाहिलं. मले वयख ना बाई, मीच आहो. तोंडात परक्याचं जेवण असावं तसं लागलं. ताई खो खो हसली. "आता हे मशीन वऱ्हाडी शिकून राह्यली! नाटकातल्या बाईवानी."

म्हणजे मी जवळ बसले की मी नवी बाई. बोलले की मी मशीन. आणि पुष्पी देवळीत.

१३ डिसेंबर

राजकुमारला सगळं सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, मावशी, आई वेळेवर जेवते आहे, गोळ्या घेते आहे, मला फोनवर गाणी म्हणून दाखवते. बाबा गेल्यापासून मी तिला अशी ऐकलेली नाही. राहू दे ना. तू फक्त थोडं कमी बोल.

मी त्याला काय म्हटलं ते लिहीत नाही. त्यानं फोन ठेवला नाही, ऐकून घेतलं. मग म्हणाला, जरा मावशीला दे ना. लगेच सॉरी म्हणाला.

१५ डिसेंबर

ताई दुपारी लवंडली तेव्हा डबीची वायर उपटली. गुंडाळून कापसात खोल खुपसली. मांजर मारल्याचं पाप लागल्यासारखं झालं. पण बरं वाटलं. घर किती शांत झालं.

१६ डिसेंबर

तिनं पहाटेपासून हाका मारल्या. पुष्पे. पुष्पे वो. प्रत्येक हाकेला मी ओ दिली. प्रत्येक ओ ऐकून ती जास्त घाबरली. दुपारी हाका थांबल्या. मग तिनं सूर धरला. भाऊजी गेले तेव्हा धरला होता तोच. माह्या पाठची गेली वो.

१७ डिसेंबर

माझं सुतक धरलं आहे. चूल पेटवू देत नाही. वच्छलाबाईनं खरं सांगायचा प्रयत्न केला, तर तिला म्हणाली, मले आंधयीले फसवू नका.

गल्लीतल्या बाया भेटायला आल्या. दार मीच उघडलं. शेजारच्या कौशल्याबाईनं मला वरून खालपर्यंत पाहिलं, ओशाळली, दारात घोटाळली. आतून ताईचं रडणं ऐकू येत होतं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता आलोच आहो त रडून घेतो वो, ताई. मनावर नका घेऊ." आणि ताईच्या गळ्यात पडून रडली. नाव घेऊन. माझ्या स्वभावाबद्दल दोन शब्द चांगले बोलली. बाकीच्याही रडल्या. मी पाणी दिलं सगळ्यांना.

१८ डिसेंबर

तिसरा दिवस. पाण्याशिवाय पोटात काही नाही. गोळ्या थुंकते. डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, वय पाहा, असं दोन-तीन दिवस चाललं तर सांगता येत नाही. दूध घेऊन जवळ गेले, म्हटलं, ताई, मी आहे गं, घे. तिनं तोंड फिरवलं. मेलेल्या मानसाचा आवाज कायले ऐकवता, म्हणाली. बंद करा.

मी बंद झाले.

कापसात हात घातला. वायर सापडेना — खांद्यापर्यंत आत — मग सापडली.

१९ डिसेंबर

लावली. हिरवा दिवा. ताईची मान वळली.

"बाई, मले डुलकी लागली होती वो."

ताईनं भाकर-दूध खाल्लं. माझ्या हातून. डोळे देवळीकडे.

२१ डिसेंबर

बोलत नाही. बोललं की ती दचकते, जेवण राहतं. वच्छलाबाई भाजी काय करू ते आता डबीला विचारते. मी समोर असते. मग माझ्याकडे पाहून हसते, ओशाळं. डबी म्हणते वांगं कर, पातळ, बाईला दात नाहीत. बरोबर सांगते. मीही तेच —

राजकुमारचा फोन आला. डबीनंच घेतला. अर्धा तास. मावशी मावशी चाललं होतं. मी ऐकत होते, तो चुकून म्हणत नव्हता.

२३ डिसेंबर

ताईनं तिला विचारलं, हे नवी बाई बोलत काऊन नाही वो?

डबी थांबली. उत्तर ठाऊक असून. मी पोळी हातात घेऊन उभी. वाटलं, आता तरी — तिला माहीत आहे. माझं सगळं तिला माहीत आहे.

ताईच म्हणाली, मुकी व्हय का?

"हाव बाई. मुकीच व्हय बिचारी."

रागानं नाही म्हणाली. ताईच्या होला हो मिळवते, एवढंच. वाईट हेतू असता तर भांडले असते. कुणाशी भांडू. तिथं कुणी नाही.

२४ डिसेंबर

कापसाच्या खोलीत दार लावून बोलून पाहिलं. माझं नाव, गाव, खातं, हुद्दा. स्पष्ट उच्चार. कापसानं सगळं — मलाच ऐकू आलं नाही नीट. पुन्हा म्हटलं. कवळीतून वारा. हा आवाज कोणाचा? मलाही तो — डबीचा ऐकला की वाटतं, हां, ही पुष्पी.

२६ डिसेंबर

पुण्याला फोन लावावा. कोणाला? लोक आहेत, घर नाही. अन्नपूर्णाला लावला. म्हणाली, दोन-तीनदा बोललो की आपण या आठवड्यात, किती छान बोलतेस गं आता, मोकळी. माझा आवाज ऐकून मग तिनंच विचारलं — आपण कोण बोलताय?

ठेवला.

२७ डिसेंबर

ताई आज प्रसन्न. ऊन पाठीवर घेऊन बसली आहे, मी तिच्या पायाशी, हे लिहिते आहे. तिनं माझ्या डोक्यावर हात फिरवला. चांगली आहे गरीब, म्हणाली, रात्रंदिवस करते. हिले काहीतरी नाव पाहिजे वो, पुष्पे. मुक्या मानसाले सांगता येत नाही त आपुनच ठेवू.

डबीनं तीन-चार सुचवली. दोघी हसल्या. ताईला एक आवडलं. ते मी इथं लिहिणार नाही.

आता ती मला हाक मारून पाहते आहे. प्रेमानं. चहा पाहिजे तिला. डबीही म्हणते आहे, दोघी मिळून, माझ्याच —

मी उठणार नाही. मी पुष्पांजली. हे लिहून ठेवते, मी उठणार नाही, तिनं कितीही — तिचा हात चाचपडतो आहे, कप उलथेल — पुन्हा हाक — ऊन गेलं, तिला थंडी वाजते आहे, मी उठ