पाठीवरचा त्रिकोण

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे. लाँड्रीत इस्त्रीनेच मुकादमाचा जबडा फोडला आणि इथे तुरुंगात मला काम दिलंय तेही इस्त्रीचंच. यांनाही विनोदबुद्धी आहे म्हणायची!

आठवड्यातून दोनदा मनाचे डॉक्टर येतात. त्यांना सगळं सांगितलं. मुकादम मागून आला, पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलला आणि मी वळून गरम इस्त्री त्याच्या तोंडावर हाणली. तो पडला तरी हाणतच होतो. फरशीवर दात खडखडले ते आठवतं, कातडी जळल्याचा वास आठवतो. राग कशाचा आला तेवढं आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, तू मुकादमाला मारलंच नाहीस, तुझ्या वडिलांना मारलंस. मी म्हटलं, मग नळीने जेवतोय तो मुकादम का? हसले बिचारे.

पण पटलं मला. पाठीवरचा त्रिकोण त्यांना दाखवला. बाबांनी इस्त्रीचा डाग दिला तेव्हा तू घरातच होतीस, तेवढं लिहून दे. अठ्ठावीसला सुटकेची सुनावणी आहे. डॉक्टरांचा अहवाल चांगला गेला तर सुटेन आणि तुझ्याकडेच येईन. थारा देशील ना?

लोभ आटला नसेल तर लगेच उत्तर धाड.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

थारा देशील का म्हणे! आई गेल्यावर तुझा शेंबूड कुणी पुसला रे? मागची खोली रिकामी करून ठेवलीय. छकुली पाच वर्षांची झाली, मामा कधी येणार म्हणून माझं डोकं खाते. मामा लांब कामाला गेलाय असं सांगितलंय.

तुला हवं तसं लिहून दिलंय, कागद सोबत आहे. बाबांना आता काय फरक पडतो? तू तर त्यांना पोचवायलाही आला नाहीस. जाऊ दे, गेलेल्या माणसाचं काय काढायचं.

डॉक्टरांपुढे फार अक्कल पाजळू नकोस. विचारतील तेवढंच बोल. शहाणं बाळ माझं ते.

लोभ आहेच, तो कुठे जातोय!

तुझी ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कागदाने काम केलं. डॉक्टर म्हणाले, राग खरा कुणावर आहे ते कळलं की त्याचं विष उतरतं. काल त्यांच्यापुढे ढसाढसा रडलो आणि बाबांना माफ करून टाकलं. ताई, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आणि एक गंमत. मुकादम काय बोलला ते आठवलं! मी इस्त्री केलेल्या चादरीला एकही सुरकुती नव्हती, म्हणून तो म्हणाला, शहाणं बाळ ते. बस्स! कौतुक केलं गं त्याने, आणि मी त्याचं थोबाड फोडलं. तुझे वडील असं म्हणायचे का, डॉक्टरांनी विचारलं. म्हटलं, छे, ते कसले कौतुक करतायत!

छकुलीला सांग, मामा येतोय.

लोभ भेटीपर्यंत सांभाळून ठेव.

तुझा धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. परवाच छकुलीच्या पाठीत धपाटा घातला. ती हमसून रडायला लागली तेव्हा जवळ घेतलं, आणि तोंडातून काय निघालं? शहाणं बाळ माझं ते. तिने माझ्याकडे पाहिलं ते अगदी तुझ्यासारखं.

बाबांनी तुला कधीही मारलं नाही. मी मारलं. मी तेरा वर्षांची, तू पाच. बाबा गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवायला गेले होते. इस्त्री केलेल्या गठ्ठ्यावर तू चिखलाचे पाय घेऊन नाचलास. मी तुला पालथं पाडलं, तोंड कपड्यांत दाबलं आणि इस्त्री टेकवली. बाबा तेवढ्यात परतून दाराशी पोचले होते, तुझ्या किंकाळीने धावत आत आले, त्यांनी ती माझ्या हातातून हिसकावली. तू मान वळवलीस तेव्हा इस्त्री त्यांच्या हातात होती.

ते मला म्हणाले, राहू दे, हे मीच केलं असं त्याला वाटू दे. तुझी भीती बसली तर हे पोर जाईल कुणाकडे? त्यानंतरही मी तुला हँगरने फोडलंय. दर वेळी नंतर कुशीत घेऊन तेच वाक्य. मेले रे मी, मेले.

आता हे डॉक्टरांना सांगायचं की नाही ते तू ठरव. खोली रिकामीच आहे.

लोभ असावा म्हणायला तोंड नाही.

ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावर होतो. वाचलं आणि पुन्हा इस्त्री उचलली. ती चांगली तापली होती. शेजारचा माणूस खाली वाकला होता, त्याची मान उघडी होती. मला त्याच्या जागी तू दिसलीस. तुझे दात दिसले. राग कुणावर ते कळलं की विष उतरतं म्हणे! मला तर ते चढलं.

मग मी इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं आणि पत्र नेऊन डॉक्टरांना दिलं. त्यांनी अहवाल फाडला. सुनावणीत सुटका नामंजूर झाली. सुटकेच्या अर्जातला तुझा पत्ता खोडा, असं मीच त्यांना म्हटलं. मला आत्ता तुझ्या दारात सोडू नका.

छकुलीला सांग, मामाचं काम लांबलंय. तिच्यावर हात उचलू नकोस, आणि ते वाक्य तर तिला कधीच ऐकवू नकोस.

घरात बाबांचा फोटो असेल तर पाठव. मी त्यांना माफ केलं होतं ना? आता त्यांची माफी मागायचीय.

लोभाचं पुढे बघू.

धाकटा