पन्नास किलोमीटरच्या आत

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात. शाळा सातवीत सुटली, पण अक्षर मोत्यासारखं. भाजीच्या दुकानातल्या सगळ्या पाट्या मीच लिहितो. माझ्याशिवाय मालकांचं पान हलत नाही.

४ मार्च
मालक म्हणाले, दोन विभाग झेपत नाहीत, एकच ठेवणार. सध्या लोकल भाजी माझ्याकडे, ऑरगॅनिक काकांकडे. काका सख्खे नाहीत, एका खोलीत राहतो म्हणून काका. मला या परक्या देशात आणून इथे कामाला लावलं त्यांनीच. पण त्यांना आता आराम हवा. त्यांना अजून कळलेलं नाही, एवढंच.

७ मार्च
आयडिया! प्रत्येक भाजीवर चिठ्ठी: किती किलोमीटरवरून आली. माझे टोमॅटो, बारा. काकांचे, सहा हजार. गिऱ्हाइकं काकांच्या टोमॅटोंकडे चोराकडे बघावं तशी बघत होती. काका म्हणाले, "अरे बाळा, तुझ्या टोमॅटोवर आठवड्यातून दोनदा औषध मारतात, तेही लिही की." चिठ्ठीवर जागा नव्हती.

११ मार्च
गिऱ्हाइकांना लेक्चर दिलं. लांबून आलेल्याचा काय भरवसा? कुठे वाढला, कुणी वाढवला? एका बाईंनी विचारलं, "आणि तुम्ही किती किलोमीटरवरून?" छाती काढून सांगितलं, सात हजार! दुकानात रेकॉर्ड माझंच. काउंटरवरची मुलगी हसून हसून बेजार. पटली बहुतेक. मालक हसले नाहीत, विचारात पडले. माझ्या बढतीच्याच.

१५ मार्च
ऑरगॅनिक बंद. काकांना नारळ. जाताना अंगातला स्वेटर काढून मला दिला. म्हणाले, "गोदामात गारठा असतो, जप." मी म्हटलं, सैल होतोय जरा. उद्या त्यांना नक्की फोन करायचा.

१६ मार्च
फोन राहिला. काकांनी खोलीही सोडली, आता पाय पसरून झोपता येतं.

१८ मार्च
गोदामात पाणी सांडलं. फडकं सापडेना. स्वेटर कामी आला. तसाही सैलच होता.

१९ मार्च
मालकांनी मुद्दाम केबिनमध्ये बोलावलं. नवी पाटी. 'आमच्याकडे सगळं पन्नास किलोमीटरच्या आतलं.' दोन तास बसून लिहिली. मालक म्हणाले, खाली अजून एक ओळ घाल. 'माल आणि माणसंही.' घातली. "समजलं ना?" म्हणाले. म्हटलं, हो साहेब, 'माणसं' जरा ठळक करतो.

२० मार्च, सकाळी ७
माझ्या जागी बारा किलोमीटरवरच्या टोमॅटोवाल्याचा पुतण्या. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मालकांना सांगितलं, साहेब, काहीतरी चुकतंय. ते म्हणाले, "अरे, तूच तर शिकवलंस."

दुपारी
काकांना फोन केला. कुठे काही काम आहे का? पाट्याही लिहीन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाहेर थंडी आहे. स्वेटर घातलायस ना?"
हो म्हटलं.
दुकानाच्या काचेतून आतलं दिसत होतं. पुतण्या त्याच स्वेटरने फरशी पुसत होता.