मैना बसली होती

छावणी, ४ जानेवारी

ती. बाबास, सप्रेम जयभीम वि. वि.

शहरात फोन बंद हायेत, म्हणून हा कागद. मी बरा हावो. चौकात अतिरेक्यांनी फौजेची गाडी बॉम्बनं उडवली. आमची गाडी तिच्या मागंच होती. मले काही लागलं नाही, पण मैना बुजली. मायले सांगजा, मैना म्हणजे माही कुत्री, सून नव्हे.

सकाळी गाड्या निघायच्या आधी ती रस्ता हुंगत पुढं, मी दोरी धरून मागं. बारुदाचा वास आला का खाली बसते, तोच तिचा इशारा. आता चौक दिसला का कापते, मागं सरते. साहेबाले कळलं तर तिले काढतीन, मले सुट्टीवर धाडतीन. पण तिनं माहा जीव वाचवला हाय. काय करू?

तुमचा,
संघपाल

जानेफळ, १५ जानेवारी

चि. संघपालले आशीर्वाद.

मी सांगून राह्यलो, समीक्षा लिहून राह्यली. (दादा, बाबा मले शुद्धलेखन शिकवून राह्यले!) तुही माय म्हणते, काढू दे कुत्री, पोरगं तं घरी येईन. तिचं मनावर घेऊ नोको. आपला चांद्या बैल आठवते? ट्रकचं टायर फुटलं तवापासून पुलावर पाय टाके ना. बुजल्या जनावराले मागून हाकू नाही, लेका. आपण पुढं व्हाव, दोर ढिला सोडाव, अन् मागं पाहू नाही. धन्यानं मागं पाह्यलं का जनावर अडते.

तुहा बाबा

छावणी, २८ जानेवारी

ती. बाबास, जयभीम.

युक्ती लागू पडली! चौकात मी पुढं, मैना माह्या टाचेमागं. आपल्या संग्रामपूरचा इंद्रभान हाय ना, माहा जोडीदार, तो म्हणते, संघ्या, आता हुंगाचं काम तूच कर बे, बिस्किट देतो. मायचा राग गेला का?

संघपाल

छावणी, २० फेब्रुवारी

आदरणीय काका, नमस्कार.

संघपालले घेऊन मी गावी यायले पाह्यजे होतो, सुट्टी भेटली नाही. माफ करजा. मैनाले ओरखडाही नाही, आता ती माह्याकडं हाय.

एक गोष्ट मनातून जात नाही. त्या दिवशी चौकाच्या अलीकडंच मैना बसली होती. भ्याली नव्हती काका, बसली होती. दोरी ढिली, त्याले समजलं नाही, तो तसाच पुढं बॉम्बवर गेला. मी लांबून बोंबललो, तिकडं गाड्यांचा आवाज. एकदा मागं पाह्यलं असतं तं वाचला असता. काऊन नाही पाह्यलं? घरी काही लिहिलं होतं का त्यानं?

तुमचा,
इंद्रभान

जानेफळ, ६ मार्च

इंद्रभानदादा, जयभीम.

बाबा काही सांगत नाहीत, म्हणून मीच लिहून राह्यली. दादानं मागं काऊन नाही पाह्यलं, ते आमाले माहीत हाय. बाबानं सांगतलं होतं, म्या लिहिलं होतं. माय आमा दोघांशीही बोलत नाही.

मैना बसली का तुमी थांबजा, साहेब काहीही म्हणो.

बाबा बैलबंडी घेऊन वावरात जातात. पुलावर चांद्याच्या पुढं होतात, अन् दर पावलाले मागं वळून पाह्यतात. चांद्या तिथंच अडते. मंग दोघंही उभे राह्यतात.

जीव सांभाळजा, एवढंच मागणं.

समीक्षा