आईच्या परीक्षेपुरती जागा

जव्हार,
१३ एप्रिल २००३

चि. गौतम यास,
आईचे अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे आणि तक्रार बाबांचीच आहे. ग्रामसेवकी संपल्यापासून त्यांनी कॉम्प्युटर ताब्यात घेतलाय. स्टँडवर मिळणाऱ्या मासिकाबरोबर दर महिन्याला एक सीडी येते. तिच्यात जे असेल ते सगळं बाबा आत भरतात. पावसाळ्यात घाट बंद पडला की मासिक येत नाही, म्हणून आधीच बेगमी करून ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे रेल्वे नाही, पण रेल्वेचं वेळापत्रक आहे.

पंचवीस मेला माझी कॉम्प्युटरची परीक्षा. सरावाची सीडी घातली तर यंत्र म्हणतं जागा नाही, चारशे एमबी हवी. आणि परीक्षेचं केंद्र कुणाचं, तर वर्षालीचं. तिसरीत पाढे येत नव्हते म्हणून मी जिला वर्गाबाहेर उभी केली होती, तीच. तिच्यासमोर नापास झाले तर बाजारात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. बाबांनी पडद्यावरची सगळी चित्रं पुसली आणि आता भरपूर जागा झाली म्हणून जाहीर केलं. यंत्राचं मात्र तेच.

ऊन फार आहे, टोपी घालत जा.

तुझी काळजी करणारी,
आई


नाशिक,
१९ एप्रिल २००३

ती. आईस,
सा. न. टोपी घालतो.

बाबांनी दारावरच्या पाट्या काढल्या, बिऱ्हाडं आतच आहेत. पडद्यावरचं चित्र पुसल्याने प्रोग्राम जात नाही. आणि तो वर्षभर उघडला नाही तरी जागा अडवतोच, कणगीतल्या नागलीसारखा.

असं कर. स्टार्ट, मग कंट्रोल पॅनल, मग ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स. यादी यायला वेळ लागतो, घाईने दोनदा दाबू नकोस. नावासमोर किती एमबी ते लिहिलेलं असतं. ज्याच्यासमोर आकडाच नाही, त्याचा विचार सोडून दे. वरच्या बाजूला साइज निवडलंस की सगळ्यात मोठा प्रोग्राम सगळ्यात वर येतो. नको असेल त्याच्यावर रिमूव्ह दाब. विंडोजच्या नावाचं जे असेल त्याला हात लावू नकोस. बाकी कुणाला दयामाया दाखवू नकोस, बाबांना तर नाहीच.

आशीर्वाद असू द्यावेत.

तुझा,
गौतम


जव्हार,
२७ एप्रिल २००३

चि. गौतम यास,
अनेक आशीर्वाद. सदर पत्र पोस्टाच्या बाकावर बसून लिहीत आहे. तुझ्या आईला कळवू नये.

तुझ्या पत्रानुसार कार्यवाही झाली. तिने हजेरी घ्यावी तशी यादी मोठ्याने वाचली. रेल्वे गेली, माशांची टाकी गेली, कुंडली गेली. मला वाटत होतं कुंडलीच सगळ्यात मोठी असणार, माणसाच्या अख्ख्या जन्माचं त्यात असतं. ती निघाली बारा एमबी. बुद्धिबळ मी स्वतःच्या हाताने काढलं. सगळं मिळून जेमतेम दीडशे भरलं.

आता तिचा डोळा यादीतल्या पहिल्या नावावर आहे. तो दिवाळीत तू घातलेला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. एकटाच सातशे. तरी तो यंत्राच्या मुळाशी बसलेला असून काढल्यास यंत्र बंद पडेल, असं तू तिला कळवावंस. माझ्यावर तिचा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. खेळ चांगला आहे, राहिला तर कुणाचं काय बिघडतं?

कळावे,
तुळशीदास (बाबा)


जव्हार,
४ मे २००३

चि. गौतम यास,
आशीर्वाद.

बाबा पोस्टात पत्र लिहीत बसले होते हे पोस्टासमोर भाजी विकणाऱ्या सुकरीने मला त्याच दिवशी सांगितलं. काय लिहिलं असेल त्याचा अंदाज आहे.

त्यांचे बुद्धिबळातले जोडीदार पुंजाभाऊ मुलाकडे भिवंडीला राहायला गेल्यापासून दुपारी बाबा यंत्राशीच खेळायचे. हरायचे, पण खेळायचे. ते बुद्धिबळही त्यांनी स्वतःहून काढून टाकलं. तुझ्या खेळाला मात्र हात लावू देत नाहीत. काल मी चिडले. वर्षालीचं नाव घेतलं आणि मला रडू आलं. तेव्हा कुठे बोलले. म्हणाले, पोरगा येतो तेव्हा त्या खेळापुढे दोन-दोन तास बसतो, तो नसला तर जेवून पाचच्या गाडीने निघून जाईल.

ते ऐकल्यावर माझ्याही हातून बटण दाबवेना. पण परीक्षा तोंडावर आली, आणि मला पास व्हायचंय रे. काय करू ते तूच सांग.

तुझी वाट बघणारी,
आई


नाशिक,
१० मे २००३

ती. आई-बाबांस,
दोघांना वेगवेगळा सा. न. पत्र मात्र एकच, बाबांनी ते मोठ्याने वाचावं.

खेळ काढून टाका. तो मुळाशी वगैरे काही बसलेला नाही, बाबा. आईच्या सरावाला चारशे दिले तरी बुद्धिबळ परत घालण्याइतकी जागा उरेल. सीडी घरात असणारच, तुम्ही कुठलीच फेकत नाही.

येत्या शनिवारी मोखाड्यावरून येणाऱ्या गाडीने पोचतो. आईची परीक्षा होईपर्यंत रजा काढली आहे. कारण म्हणून आईची परीक्षा असंच लिहिलं, साहेबांनी दोनदा वाचून सही केली. संध्याकाळी मी आईचा सराव घेईन. दुपारी बाबांनी मला बुद्धिबळात हरवावं, यंत्रापेक्षा मी सोपा आहे.

आणखी एक सांगायचं आहे. तो खेळ मी नाशिकला कधीच लावला नाही. मला त्याचा पहिल्याच दिवशी कंटाळा आला होता. दिवाळीत तरी रोज बसायचो, कारण बाबा खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. वळण आलं की माझा खांदा धरून सांगायचे, ब्रेक मार, पुढे दरी आहे. नोकरीला लागल्यापासून बाबा माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. मी त्यासाठी बसायचो.

माया आहे तशी राहू द्यावी.

तुमचा,
गौतम